जुन्या घरातून नव्या घरात : काय न्यावे, काय द्यावे, काय जपावे

जबलपूर : कमानिया गेटच्या आसपासच्या जुन्या वस्तीत घर बदलायचे झाले की पहिली अडचण वाहनाची येते. सराफा आणि बडा फुहारा परिसरातील अरुंद गल्ल्यांत ट्रक शिरत नाही. कपाटे, पलंग, भांड्यांची पोती हातठेल्यावर किंवा लहान टेम्पोत घालून रुंद रस्त्यापर्यंत आणावी लागतात आणि तेथे पुन्हा चढवावी लागतात. प्रत्येक वस्तू दोनदा उचलली जाते आणि तिची हमालीही दोनदा पडते. त्यामुळे एरवी नव्या घरी पोहोचल्यावर पडणारा प्रश्न येथे जुन्या घराच्या उंबऱ्यावरच उभा राहतो : ही वस्तू न्यायची तरी कशासाठी?

स्थलांतराचा खर्च, त्यातील दगदग आणि नंतर साचणारी अडगळ या तिन्ही गोष्टी या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतात. जुन्या घरात टाळलेला निर्णय खोक्यात बंद होऊन नव्या घरी येतो आणि माळ्यावर वर्षानुवर्षे पडून राहतो. घाईत घेतलेला निर्णयही तितकाच महाग पडतो. भंगारात गेलेले कपाट पुन्हा विकत घेता येते. रद्दीत गेलेले खरेदीखत किंवा पणजोबांच्या हातची मोडी वही परत मिळत नाही. म्हणूनच सामान बांधण्याआधी त्याची छाननी पूर्ण होणे हे घर बदलण्यातील सर्वांत महत्त्वाचे काम ठरते.

बदल्यांचे शहर

जबलपूर हे अनेक पिढ्यांपासून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे शहर आहे. १७८१ मध्ये हा प्रदेश सागरच्या मराठ्यांकडे आला, १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७-१८ च्या युद्धानंतर इंग्रजांच्या ताब्यात गेला. १९०४ मध्ये येथे तोफगाडी कारखाना सुरू झाला, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरिया येथील दारूगोळा कारखाना उभा राहिला आणि १९६९ मध्ये लष्करी वाहनांच्या कारखान्याची भर पडली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली आणि नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय नागपूरहून जबलपूरला आले. २००३ पासून पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालयही येथेच आहे.

न्यायालय, रेल्वे, वीज मंडळ आणि संरक्षण कारखाने यांच्या नोकऱ्यांनी अनेक मराठी कुटुंबे या शहरात आणली. बदलीच्या नोकरीत सामान बेताचे असे : एक-दोन लोखंडी ट्रंका, वळकट्या, पितळी डबे आणि देवांची पेटी. कुटुंब स्थिरावले की चित्र बदलते. दोन-तीन पिढ्या एकाच घरात राहिल्यावर फडताळे, कोनाडे आणि माळे भरतात. मुले पुणे, बंगळुरू किंवा परदेशी जातात, त्यांची पुस्तके आणि गाद्या मागे राहतात. पुढे विजयनगर, अधारताल किंवा मदनमहाल भागातील सदनिकेत जायचे ठरते, तेव्हा तीन पिढ्यांचे सामान दोन खोल्यांत बसवण्याचे कोडे समोर येते.

आधी मोजमाप, मग छाननी

या कोड्याचे उत्तर मोजपट्टीपासून सुरू होते. नव्या घराच्या भिंती, दारांची रुंदी, जिन्याचे वळण आणि लिफ्टची खोली मोजून घ्यावी. जुने सागवानी कपाट खोलीत बसेल, पण जिन्याच्या वळणावर अडकेल, हे सामान चढवण्याच्या दिवशी कळून उपयोग नसतो.

साठवणुकीची जागाही आकड्यांत मांडावी. नव्या घराचा माळा आठ फूट लांब, तीन फूट खोल आणि अडीच फूट उंच असेल तर त्यात साठ घनफूट जागा मिळते. दीड फूट लांबी, रुंदी व उंचीचे एक खोके सुमारे ३.४ घनफूट जागा घेते. कागदावर हिशेब सतरा खोक्यांचा येतो. परंतु अडीच फूट उंचीत अशा खोक्यांचा एकच थर बसतो, म्हणून प्रत्यक्षात माळ्यावर दहाच खोकी मावतात. जुन्या माळ्यावर चाळीस खोक्यांचे सामान असेल तर तीस खोक्यांबद्दलचा निर्णय तेथेच घ्यावा लागेल, हे या छोट्या गणिताने स्पष्ट होते. घरातील वाद कमी करण्यासही ते उपयोगी पडते. ‘तुझे जास्त की माझे’ हा प्रश्न मागे पडून ‘दहांत काय बसवायचे’ हा प्रश्न पुढे येतो.

छाननीसाठी किमान सहा आठवडे हाताशी असावेत. रोज एक-दीड तास आणि एका वेळी एकच कपाट, अशी गती घरातील ज्येष्ठांनाही झेपते. क्रम मात्र उलटा ठेवावा. रोजच्या वापरापासून सर्वांत दूर असलेल्या जागा, म्हणजे माळा, पलंगाखालची पेटी आणि जिन्याखालची खोली, आधी घ्याव्यात. स्वयंपाकघर शेवटी. छायाचित्रांचे अल्बम आणि पत्रे यांनी सुरुवात करू नये. त्यात पूर्ण दिवस जातो आणि एकही खोके कमी होत नाही.

प्रत्येक वस्तू चारपैकी एका ढिगात जावी : न्यायची, कोणाला द्यायची, विकायची किंवा भंगारात घालायची, आणि घरच्यांना विचारून ठरवायची. चौथा ढीग आवश्यक आहे, पण त्याला एका खोक्याची मर्यादा आणि ठरावीक तारीख असावी. अन्यथा सगळे घर त्याच ढिगात जाते. वर्षभरात न वापरलेली वस्तू काढून टाकावी, हा नेहमी सांगितला जाणारा नियम कपडे, प्लास्टिकचे डबे आणि बिघडलेली यंत्रे यांना लागू पडतो. सणावाराची भांडी, रुखवताच्या वस्तू, औजारे आणि कागदपत्रे यांना तो लावू नये. गौरी-गणपतीचे मुखवटे वर्षातून तीनच दिवस बाहेर येतात, तरीही त्यांची जागा पक्की असते.

कागदपत्रांना वेगळी वागणूक

कागदपत्रांची छाननी रद्दीबरोबर कधीही करू नये. त्यासाठी स्वतंत्र दिवस राखावा आणि वृत्तपत्रांचे गठ्ठे विकण्याआधी प्रत्येक गठ्ठा उलगडून पाहावा. जुन्या घरांत खरेदीखते, वाटणीपत्रे, भाडेपावत्या आणि विम्याचे कागद वृत्तपत्रांच्या घड्यांत ठेवलेले आढळतात.

मालमत्तेचे दस्त, मृत्यूपत्रे, जन्म-मृत्यूचे दाखले, निवृत्तिवेतनाचे आदेश, शाळा सोडल्याचे दाखले आणि जुने समभाग हा पहिला गट. हे कागद ट्रकमध्ये न घालता घरातील एका जबाबदार व्यक्तीने स्वतःसोबत न्यावेत आणि त्याआधी त्यांची स्पष्ट छायाचित्रे काढून दोन ठिकाणी ठेवावीत. भाड्याचे घर सोडताना जुन्या भाडेपावत्या, अनामत रकमेची नोंद, विजेच्या मीटरचे अखेरचे वाचन आणि ताबा दिल्याचे सही केलेले पत्र एकत्र ठेवावे. बँकेचे जुने तपशील, ओळखपत्रांच्या प्रती, वापरून संपलेली धनादेश पुस्तके अशा निरुपयोगी पण वैयक्तिक माहिती असलेल्या कागदांचे तुकडे करूनच ते टाकावेत.

दुसरा गट इतिहासाचा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत मराठी कुटुंबांचे हिशेब, पत्रे आणि करार मोडी लिपीत लिहिले जात. आज घरात कोणाला ती लिपी वाचता येत नाही, म्हणून हे कागद निरर्थक वाटतात आणि रद्दीत जातात. मराठ्यांच्या इतिहासाचा मोठा भाग अशाच घरगुती दप्तरांतून उजेडात आला आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगावी फिरून घराघरांतील कागद मिळवले आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड प्रसिद्ध केले. मराठी सत्तेच्या काळापासून वस्ती असलेल्या जबलपूर आणि सागर परिसरातील घरांत मोडी कागद निघाल्यास ते सुट्या पानांसह, आहे त्या क्रमाने सुती कापडात बांधावेत. त्यांना चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करू नये आणि घडी जबरदस्तीने उघडू नये. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा राष्ट्रीय अभिलेखागाराचे भोपाळ येथील कार्यालय अशा संस्थांशी संपर्क साधून मगच त्यांचे काय करायचे ते ठरवावे.

परदेशी असलेल्या मुलांना जुन्या वस्तू पाठवण्याआधी एक कायदाही लक्षात घ्यावा. १९७२ च्या पुरातन वस्तू व कलासंपदा कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, चित्रे, कलात्मक धातुकाम यांसारख्या वस्तू आणि ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मूल्य असलेली पंच्याहत्तर वर्षांहून जुनी हस्तलिखिते पुरातन वस्तूंत मोडतात. खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाहीत.

पितळ, पैठणी आणि पुस्तके

मराठी घरातील सामानात तीन गोष्टींचा भार सर्वाधिक असतो आणि तिन्हींशी भावना जोडलेल्या असतात.

पहिली गोष्ट भांडी. पितळी पिंप, घंगाळ, तांब्याचा बंब, पाटा-वरवंटा आणि जाते यांना सदनिकेत वापर नाही. अशा वस्तूंबाबत सर्व किंवा काहीच नाही अशी निवड करण्याची गरज नसते. चार घंगाळांपैकी एक ठेवून बाकीची नातलगांत वाटता येतात. मोडीत देण्यापूर्वी तांबे, पितळ आणि कासे वेगळे करावे, कारण तिन्हींचा दर वेगळा असतो. एकत्र वजन केल्यास विकणाऱ्याचे नुकसान होते. सराफा भागातील दोन-तीन दुकानांत दर विचारून वजन समोर करून घ्यावे.

दुसरी गोष्ट वस्त्रे. पैठणी, शालू आणि जरीची धोतरे मऊ, धुतलेल्या मलमलीत गुंडाळावीत. डांबराच्या गोळ्या जरीला थेट लागू देऊ नयेत. त्या वेगळ्या पुरचुंडीत बांधून कपाटाच्या कोपऱ्यात ठेवाव्यात. नव्या घरी पोहोचल्यावर घडी बदलावी आणि पुढेही तीन-चार महिन्यांनी बदलत राहावी, म्हणजे त्याच रेषेवर कापड फाटत नाही. गोधड्या आणि रजया उन्हात दिवसभर तापवून मगच बांधाव्यात. ओलसर गादी किंवा रजई एकदा पेटीत बंद झाली की तिचा कुबट वास सहसा जात नाही.

तिसरी गोष्ट पुस्तके. फळीवरील एक फूट पुस्तकांचे वजन साधारण दहा किलो भरते. तीन फूट रुंदीच्या चार फळ्यांचे कपाट म्हणजे सुमारे एकशे वीस किलो. पुस्तके मोठ्या खोक्यात भरल्यास खोके उचलता येत नाही आणि त्याचा तळ फाटतो. पंधरा किलोंपेक्षा जड होणार नाहीत अशी लहान खोकी वापरावीत. वाळवी किंवा कसर लागलेली पुस्तके चांगल्या पुस्तकांत मिसळू नयेत; एका पोखरलेल्या दिवाळी अंकामुळे नव्या घरातील सगळे कपाट धोक्यात येते. द्यायची पुस्तके ग्रंथालयाला देण्यापूर्वी त्यांची यादी पाठवून तेथे ती हवी आहेत का, हे विचारणे योग्य.

वडीलधाऱ्यांचा शब्द आणि भावंडांचा वाटा

घर बदलताना सर्वांत अवघड असते ती वस्तूंच्या मालकीची बाजू. घरातील ज्येष्ठांच्या परोक्ष त्यांच्या वस्तू काढून टाकणे सोपे वाटते, पण त्याचे घाव खोल जातात. कोणत्या दहा-बारा वस्तू नव्या घरी डोळ्यांसमोर हव्यात, हे त्यांना आधी विचारावे आणि त्या यादीला हात लावू नये. बाकीच्या निर्णयांत ते त्यानंतर अधिक मोकळेपणाने सहभागी होतात.

जुन्या घरातील त्यांच्या खोलीची आणि कपाटाची छायाचित्रे काढून ठेवावीत. नव्या घरी त्यांचे कपाट त्याच क्रमाने लावावे. पलंगाची बाजू, औषधांचा डबा, चष्म्याची जागा आणि रात्री स्वच्छतागृहाकडे जाण्याची वाट शक्य तितकी पूर्वीसारखी राहिली तर ज्येष्ठांचा गोंधळ आणि अंधारात पडण्याचा धोका कमी होतो. विस्मरणाचा त्रास असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत ही काळजी अत्यावश्यक ठरते.

वडिलोपार्जित वस्तूंची छायाचित्रांसह यादी करून ती सर्व भावंडांना पाठवावी आणि उत्तरासाठी तारीख द्यावी. कोणाला काय हवे, ते नेण्याचा खर्च कोण करणार आणि कधीपर्यंत नेणार, हे लेखी ठरावे. मूल्यवान दागिने आणि भांडी यांचा प्रश्न सामान हलवण्याच्या गडबडीत सोडवू नये. एका भावाने परस्पर विकलेले घंगाळ पुढे कित्येक वर्षे नात्यात सलत राहते.

निरोप दिलेल्या वस्तूंची वाट

न नेण्याच्या वस्तू एकाच फेरीत भंगारवाल्याच्या, म्हणजे जबलपूरच्या बोलीत कबाड्याच्या, हवाली करू नयेत. चालू स्थितीतील पंखे, सायकली, लाकडी सामान यांना जुन्या मालाच्या बाजारात गिऱ्हाईक मिळते. शहरातील गुरंदी बाजार अशा खरेदी-विक्रीसाठी ओळखला जातो. स्वच्छ, अखंड कपडे आणि भांडी गरजू कुटुंबांना देता येतात. फाटके कपडे आणि तुटकी खेळणी मात्र दान म्हणून देऊ नयेत.

बिघडलेले दूरचित्रवाणी संच, संगणक, मोबाइल आणि त्यांचे चार्जर हा ई-कचरा आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार त्याची विल्हेवाट नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्रातूनच व्हायला हवी आणि त्याची जबाबदारी उत्पादकांवरही आहे. जुना संगणक किंवा मोबाइल देण्यापूर्वी त्यातील माहिती पुसून टाकावी. मुदत संपलेली औषधे, रंगाचे डबे, कीटकनाशके, ट्यूबलाइट आणि बॅटऱ्या घरगुती घातक कचऱ्यात मोडतात. त्या ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता महापालिकेच्या गाडीकडे वेगळ्या द्याव्यात. सगळा ढीग शेवटच्या रात्री रस्त्याच्या कोपऱ्यावर ठेवून निघून जाण्याची वेळ येऊ नये, यासाठी हे काम किमान दोन आठवडे आधी सुरू करावे.

बांधाबांध : क्रमांक, यादी आणि पहिली रात्र

प्रत्येक खोक्याला क्रमांक द्यावा आणि वहीत त्या क्रमांकासमोर आतील सामान व नव्या घरातील खोली लिहावी. खोक्यावर फक्त क्रमांक आणि खोलीचे नाव असावे. ‘चांदीची भांडी’ असे लिहिणे म्हणजे चोराला निमंत्रण. क्रमांक झाकणावर न लिहिता दोन बाजूंवर लिहावा, म्हणजे खोकी एकावर एक रचल्यावरही तो दिसतो.

काचेच्या बशा आडव्या न ठेवता उभ्या, कागदाच्या घड्यांत रचाव्यात. त्यासाठी वेगळी गुंडाळी विकत घेण्याऐवजी चादरी, टॉवेल आणि साड्या वापरल्यास दोन्ही सामान एकाच खोक्यात जाते. पलंग आणि कपाटांचे स्क्रू छोट्या पिशवीत घालून त्याच वस्तूला घट्ट बांधावेत. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून पुसून कोरडा करावा, उभाच न्यावा आणि नव्या घरी काही तास स्थिर ठेवून मग सुरू करावा. स्वयंपाकाचा गॅस सिलिंडर, रॉकेल, पेट्रोल आणि फटाके सामानाच्या गाडीत कधीही ठेवू नयेत.

देव, दागिने, कागदपत्रे आणि औषधे स्वतःसोबत न्यावीत. अनेक घरांत देव सर्वांत शेवटी निघतात आणि नव्या घरात पाण्याने भरलेल्या कलशासह सर्वांत आधी येतात. ही प्रथा व्यवहाराच्या दृष्टीनेही सोयीची आहे, कारण देवघराची पेटी गर्दीत कुठे गेली, हे शोधावे लागत नाही. पहिल्या रात्रीसाठी एक वेगळी पिशवी भरावी : अंथरूण, टॉवेल, चहा-साखर, एक पातेले, विजेरी, हातोडी, स्क्रू-ड्रायव्हर, चार्जर आणि घरातील मुलाचे आवडते खेळणे.

कमानिया गेट परिसरासारख्या बाजारपेठेतून सामान हलवायचे असल्यास पहाटेची वेळ सर्वांत सोयीची. दुकाने उघडण्याआधी हातठेले मोकळेपणाने फिरतात. मोठ्या वाहनांच्या प्रवेशाच्या वेळा वाहतूक पोलिसांकडून आधीच जाणून घ्याव्यात. जबलपूरमध्ये वर्षाकाठी सरासरी तेराशे-चौदाशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या काळात. पावसाळ्यात निघावे लागले तर पुठ्ठ्याच्या खोक्यांऐवजी लोखंडी ट्रंका आणि झाकणाचे डबे वापरावेत आणि ताडपत्री स्वतःची असावी.

वाहतूकदाराशी करार

सामान दुसऱ्या शहरात जाणार असेल तर दूरध्वनीवरील तोंडी दरावर विसंबू नये. तीन वाहतूकदारांना घरी बोलावून सामान दाखवावे आणि लेखी अंदाजपत्रक घ्यावे. त्यात बांधणी, चढवणे-उतरवणे, मजल्यांची हमाली, गल्लीतून रस्त्यापर्यंतची वाहतूक, पथकर आणि कर हे सर्व धरले आहे का, ते स्पष्ट असावे. सामान चढल्यावर जादा पैसे मागून अडवणूक होण्याचे प्रकार अशा संदिग्धतेतूनच घडतात. पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये आणि वाहतूकदाराचा पत्ता व नोंदणी प्रत्यक्ष तपासावी. नामांकित कंपन्यांशी मिळतीजुळती नावे घेऊन व्यवसाय करणारेही असतात.

ट्रक निघण्यापूर्वी बिल्टी हातात असलीच पाहिजे. २००७ च्या रस्ता मालवाहतूक कायद्याखाली नोंदणीकृत वाहतूकदाराने मालाची पावती देणे बंधनकारक आहे. माल हरवला किंवा खराब झाला तर भरपाईची मर्यादा सर्वसाधारणपणे वाहतूक भाड्याच्या दहापट असते. भाडे पंधरा हजार रुपये असेल तर दावा दीड लाखाच्या पुढे जात नाही, घरातील सामान कितीही मोलाचे असो. त्याहून अधिक संरक्षण हवे असल्यास मालाचे मूल्य आधी जाहीर करून जादा जोखमीचा दर लेखी मान्य करावा लागतो किंवा वेगळा प्रवास विमा काढावा लागतो. नुकसानीची लेखी नोटीस माल नोंदवल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. म्हणून सामान उतरवतानाच खोकी मोजावीत, तुटलेल्या वस्तूंची छायाचित्रे काढावीत आणि पोचपावतीवर सही करण्याआधी शेरा लिहावा. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे.

वापरलेल्या घरगुती सामानाला जीएसटीच्या ई-वे बिलातून सूट आहे. तरीही नाक्यावर विचारणा झाल्यास दाखवण्यासाठी सामानाची सही केलेली यादी चालकाजवळ असावी.

केंद्र सरकारच्या बदली झालेल्या कर्मचाऱ्यांना सातव्या वेतन आयोगानंतरच्या नियमांनुसार वीस किलोमीटरहून दूरच्या ठिकाणी बदली झाल्यास सामान्यतः मूळ वेतनाच्या ८० टक्के एकत्रित अनुदान मिळते. सामानाची वजनमर्यादा वेतनस्तर ६ व त्यावरील कर्मचाऱ्यांसाठी ६,००० किलो, स्तर ५ साठी ३,००० किलो आणि स्तर ४ पर्यंत १,५०० किलो आहे. छाननी करताना हा आकडा समोर असावा.

नव्या घरातील साठवण

नव्या घरात खोकी उघडण्याचा क्रम स्वयंपाकघर, झोपण्याच्या खोल्या आणि शेवटी दिवाणखाना असा ठेवावा. माळ्यावर खोके चढवण्याआधी ते एकदा उघडून पाहावे. न उघडता वर गेलेले खोके पुढच्या स्थलांतरापर्यंत खाली येत नाही. रोजची वस्तू कमरेपासून डोळ्यांच्या उंचीपर्यंत, आठवड्याची त्याखाली, सणाची माळ्यावर, हा क्रम बहुतेक घरांना पुरतो. कपाटे भिंतीला चिकटवू नयेत; दोन-तीन इंच अंतर ठेवल्यास ओल आणि वाळवी लवकर दिसते. माळ्यावरील सामानाची यादी माळ्याच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटवावी.

जड वस्तू मात्र खालीच असाव्यात. २२ मे १९९७ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने जबलपूर परिसरात मोठी जीवितहानी आणि घरांची पडझड केली. त्याची आठवण असलेल्या शहरात पितळी पिंपे माळ्यावर आणि उंच कपाटे बिछान्याच्या डोक्याशी ठेवणे धोक्याचे आहे. उंच कपाटे लोखंडी पट्टीने भिंतीला आवळावीत आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर सामान रचू नये.

पत्ता बदलल्याच्या नोंदीही याच काळात पूर्ण कराव्यात : आधार, बँका, विमा, निवृत्तिवेतन, शिधापत्रिका आणि मुलांची शाळा. मतदार यादीतील स्थलांतरासाठी नमुना ८ भरावा लागतो. दुसऱ्या शहरात जाताना गॅस सिलिंडर व रेग्युलेटर वितरकाकडे जमा करून हस्तांतराचे कागद घ्यावेत. वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ राहणार असेल तर ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन तेथे पुनर्नोंदणी करावी लागते; बीएच मालिकेतील वाहनांना त्यातून सवलत आहे.

यानंतर अडगळ पुन्हा साचू नये यासाठी दोन सवयी पुरेशा आहेत. नवी वस्तू घरात आली की तिच्या जातीची एक जुनी वस्तू बाहेर जावी. आणि दिवाळीच्या साफसफाईत केवळ जाळी-जळमटे न झाडता प्रत्येक खोक्याचे झाकण उघडावे.

मार्च १९३९ मध्ये तिलवारा घाटाजवळ काँग्रेसच्या त्रिपुरी अधिवेशनासाठी एक तात्पुरती नगरी वसली होती. सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखालील ते अधिवेशन संपले, मांडव उतरले, माणसे आपापल्या गावी गेली. त्या अधिवेशनाचे स्मारक म्हणून शहराच्या भर बाजारात उभे राहिलेले कमानिया गेट मात्र आजही ओळखीची खूण म्हणून उभे आहे. घर बदलणाऱ्या कुटुंबालाही सगळे काही सोबत नेता येत नाही. आजीचे एक घंगाळ, मोडी कागदांची एक गठडी, देवांची पेटी : नीट निवडलेल्या अशा थोड्या वस्तू नव्या घरातही जुन्या घराची खूण राखतात. बाकीच्यांना वेळेवर निरोप दिलेला असला, तर त्यांना नव्या घरात जागाही नीट मिळते.